मद्यमुक्तीच्या सभा : कोणती सभा कोणासाठी?

मंडळीतील एखादा बंधू दारूच्या आहारी गेला की आपल्याकडे प्रार्थनासभेत त्याचे नाव घेऊन विनंती केली जाते. हेतू चांगलाच असतो. पण दुसऱ्या दिवशी ते नाव वस्तीभर होते आणि तो बंधू उपासनेला येणे सोडतो. अशांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या, सभेला पाठवावे असे आपण ऐकतो. परंतु त्या सभा एकाच प्रकारच्या नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या कार्याचा आरंभ अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी १९३५ साली झाला. न्यूयॉर्कचे बिल विल्सन कामासाठी तेथे आले होते. दारू सोडून त्यांना काही महिने झाले होते. व्यवहार फसला, आणि हॉटेलात एकटे असता त्यांचे मन बारकडे ओढ घेऊ लागले. तेव्हा त्यांनी पाळकांच्या यादीतून एका पाळकांना फोन लावला व आपल्याला एखाद्या मद्यपी माणसाशी बोलायचे आहे, असे सांगितले. त्या ओळखीतून १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ भेटले. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीने आले आणि कित्येक तास बसले. येथे ध्यानात घ्यावे की, बिल यांना उपदेशक नको होता, आपल्यासारखाच रोगी हवा होता.

म्हणूनच खुली सभा आणि बंद सभा हा भेद फार महत्त्वाचा आहे. खुल्या सभेस पत्नी, शिक्षक, पाळक, कोणीही बसू शकतो. बंद सभा मात्र ज्याला स्वतःला दारू सोडायची इच्छा आहे त्याच्यासाठीच असते. पाळकसाहेबांचा तो प्रश्न नसेल तर त्यांनीही दाराशीच थांबावे. यात मानापमान नाही. आपल्या पंचांसमोर जे ओठांवर येत नाही, ते तेथे बोलता येते.

काही सभांत एखादा सभासद आपण पूर्वी कसे होतो, काय घडले, आता कसे आहोत, हे सांगतो. आपल्या साक्षीसारखेच हे. फक्त शेवटी कोणी बोध करीत नाही. काही सभांत चर्चा होते, काहींत बारा पायऱ्यांपैकी एक घेऊन अभ्यास चालतो, तर काहींत १९३९ साली निघालेले त्यांचे पुस्तक वाचतात. नवख्यांसाठी निराळ्या सभाही असतात. जवळ गट नसल्यास फोनवरून वा इंटरनेटवरून सभेला बसता येते.

देवाविषयी तेथे ज्याची जशी समज तशी मोकळीक असते. आपल्यातील काहींना हे खटकते. आमच्या मते खटकू नये, कारण ती उपासना नव्हे. तरी सुरुवातीच्या सभासदांना याकोबाचे पत्र फार प्रिय होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी १९५१ साली अल-अनॉन आणि किशोरवयीन मुलांसाठी १९५७ साली अलाटीन सुरू झाले. वर्गात पेंगणारे किंवा घरी जायला टाळाटाळ करणारे मूल रात्रभर भांडण ऐकत जागलेले असू शकते. अलाटीनचा गट गावात नसेल, तर त्या मुलाचे शांतपणे ऐकावे. त्याच्या सुरक्षिततेचाच प्रश्न असेल तेव्हा योग्य व्यक्तीस अवश्य सांगावे. एरवी ती गोष्ट शिक्षकांच्या बैठकीतही काढू नये.

मंडळीने सभेसाठी खोली दिली तर गट भाडे देऊ करील, ते घ्यावे. बाहेरची देणगी न घेता आपला खर्च आपणच भागवावा, ही त्यांची रीत आहे. खोली आपली म्हणून कोण कोण आले याची चौकशी मात्र करू नये.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात, जिवावरही बेतते. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. मग गटाला फोन करून त्या दिवशी खुली सभा आहे की बंद, ते विचारावे. बंद असेल तर त्याला दारापर्यंत सोडावे आणि सभा सुटेपर्यंत समोरच्या हॉटेलात चहा घेत थांबावे.