वास गेला म्हणजे?

लोणी काळभोर

चि. ओंकार यास,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "रात्री खोलीत गॅसचा वास येत होता, थोड्या वेळाने गेला, मग झोपलो." तेव्हापासून मला चैन नाही. वास गेला म्हणून गॅस गेला, हे तुला कोणी सांगितलं?

एकच वास सारखा येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. नाकातल्या पेशी मंदावतात, मेंदूही तीच ती वर्दी ऐकेनासा होतो. इंद्रियांना रस बदलात. टक लावून बघतानाही बुबुळं बारीक हलत असतात. ती खरोखर थांबली तर समोरचं चित्रच विरून जाईल. नाकाला ही सोय नाही, त्याला उठवून बाहेर न्यावं लागतं.

आमच्याकडे स्टेशनाजवळ तेल कंपन्यांचे डेपो आहेत. पाहुणा गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतो, "पेट्रोलचा वास येतोय का हो?" आणि आम्ही घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. थेऊरला चतुर्थीला मुळा-मुठेचा भपका आला की सगळे पदर, रुमाल नाकाला लावतात. दर्शनाची रांग सरेपर्यंत तो कुणाच्या ध्यानातही नसतो. नदी मात्र तेवढीच घाण असते.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. एथिल मरकॅप्टन हे गंधकाचं संयुग त्यात मुद्दाम मिसळतात. हवेत अब्जात काही भाग असलं तरी नाकाला कळतं. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साठला आणि स्फोटात जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास लावणं कायद्याने सक्तीचं झालं. एवढी किंमत मोजून मिळालेली सूचना, आणि तू कूस बदलून झोपलास!

यापुढे पहिल्या मिनिटाला नाक सांगेल ते खरं धर. दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या उघड, बाहेर ये आणि १९०६ ला फोन लाव. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. तुमच्या गाद्या जमिनीवरच असतात ना? सर्दी झाली असेल तेव्हा तर नाकावर मुळीच विसंबू नकोस, बाहेरून आलेल्या मित्राला विचार.

आता थोडं डोळ्यांनाही कामाला लाव. रेग्युलेटर, नळी आणि शेगडी यांच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघ. काडी ओढून बघणारे शहाणे अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. रबरी नळी पाच वर्षांच्या आत बदलायची असते. तुमची तर घरमालकाच्या काळातली दिसते. तिच्यावर कोणतं साल छापलंय आणि कुठे बुडबुडे आले, ते मला आजच कळव.

तुझी,
आत्या