पणजोबांचं चांदीचं पदक

प्रश्न : पणजोबांच्या पेटीत काळं पडलेलं चांदीचं पदक सापडलं. सराफ मोडीच्या भावानं मागतोय. द्यावं का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : मुळीच देऊ नका! एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४–१९१८ असेल, तर ते पहिल्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आहे. भिंग घेऊन कडा पाहा. तिथं नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठसवलेली असते. खरं मोल त्या एका ओळीचं. तुमच्या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. कंटिंजंट १९०३ मध्ये भारतीय लष्करात विलीन झालं, पुढे त्यातूनच हैदराबाद रेजिमेंट आणि १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाली. नावं अशी बदलत गेली, तेव्हा पदकावरचं पलटणीचं नाव आधी वहीत उतरवून ठेवा. आणि चिंच-राखेनं घासू नका, नाव झिजतं.