सुटला की निर्दोष?

पहाटे चिखली रस्त्याला गेलात तर अंधारात धावणारी पोरे दिसतील. कुणाला पोलीस भरतीची सोळाशे मीटरची धाव वेळेत पूर्ण करायची असते, कुणाला सैन्यात जायचे असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात खेळ हा नुसता छंद नसतो, तो नोकरीचा रस्ता असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, हे शाळेत न गेलेल्या आमच्या वडिलांनाही ठाऊक आहे. म्हणूनच खेळाडू विद्यार्थ्यावर खोटा आरोप आला तर त्याचे काय काय जाते, हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

आमच्या गावात कबड्डीत चढाई करणारा एक उत्तम गडी होता. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि संशयावरून त्याला नेले. पुढे मोटार दुसरीकडे सापडली, चोरही सापडला, आणि हा घरी आला. पण गाव म्हणू लागले, "तो त्या प्रकरणातून सुटला." जणू चोरी केलीच होती आणि नशिबाने निसटला! मीही तसेच म्हणत असे. त्यानंतर तो मैदानावर आला नाही, आणि आम्हीही त्याला बोलवायला गेलो नाही.

हे मनात असतानाच अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण माझ्या वाचनात आले. हे विद्यापीठ नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम शहरी आहे. जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा लॅक्रॉस नावाचा खेळ तिथे मोठ्या मानाचा. १३ मार्च २००६ च्या रात्री संघातील मुलांनी मेजवानी केली. तिथे नाचण्यासाठी बोलावलेल्या एका स्त्रीने आपल्यावर बलात्कार झाल्याचा आरोप केला. ती कृष्णवर्णीय आणि गरीब, मुले बहुतेक गोरी आणि सधन घरची. शहर पेटून उठले. ५ एप्रिलला प्रशिक्षक माइक प्रेसलर यांना पद सोडावे लागले आणि संघाचा उरलेला हंगाम रद्द झाला. दुसऱ्या दिवशी ८८ प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या दैनिकात एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात वंशभेदाचे खरे दुःख मांडले होते. पण गुरुजनांनी निकालाआधीच निकाल दिला, असा अर्थ अनेकांनी काढला.

रीड सेलिगमन, कॉलिन फिनर्टी आणि डेव्हिड इव्हान्स या तीन खेळाडूंवर आरोप ठेवण्यात आले. सेलिगमन तर त्या रात्री बँकेच्या यंत्रातून पैसे काढताना छायाचित्रात दिसत होता. जनुकीय तपासणीत एकाही खेळाडूविरुद्ध ठोस पुरावा निघाला नाही. उलट दुसऱ्याच पुरुषांचे अंश आढळले. ही गोष्ट सरकारी वकील माइक निफाँग यांनी बचाव पक्षापासून दडवून ठेवली. त्या वर्षी ते स्वतः निवडणुकीला उभे होते.

या प्रकरणाचा शेवट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ११ एप्रिल २००७ रोजी राज्याचे महाधिवक्ता रॉय कूपर यांनी खटला मागे घेतला. "पुरावा अपुरा आहे" एवढेच सांगून ते थांबले असते तरी चालले असते. पण त्यांनी ही मुले निर्दोष आहेत, असे स्पष्ट शब्दांत जाहीर केले. जूनमध्ये निफाँग यांची वकिलीची सनद गेली. विद्यापीठाने तिघांशी समझोता केला, आणि सप्टेंबरमध्ये अध्यक्ष रिचर्ड ब्रॉडहेड यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. बुडालेल्या हंगामाबद्दल संघातील खेळाडूंना एक वर्ष जादा खेळण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या स्त्रीनेही आपण खोटे बोललो असे कबूल केले. त्याला अठरा वर्षे लागली!

आपल्याकडे काय होते? २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळविणारी धावपटू पिंकी प्रामाणिक हिला २०१२ मध्ये बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली. ती स्त्री नाहीच, असेही म्हटले गेले. तिच्या वैद्यकीय तपासणीचे चित्रण लोकांनी मोबाइलवर पाहिले. २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ते आरोप रद्द केले. पण त्या चित्रणाची भरपाई कोणते न्यायालय करणार?

विनाकारण अटक करविणाऱ्याकडून दंडाधिकारी जी भरपाई देववू शकतात, तिची कमाल मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक हजार रुपये होती. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी आकडा तोच राहिला. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा करावा, असे विधी आयोगाने २०१८ मध्ये सुचविले होते. नोकरीचे म्हणाल, तर अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने मिटलेल्या खटल्याची माहिती खरी दिली तरी त्याला नेमण्याची सक्ती नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नेमणाऱ्याला आहे. तिथे निर्दोष सुटका की संशयाचा फायदा, हा भेद महत्त्वाचा ठरतो. ड्यूकच्या मुलांपाशी महागडे वकील होते. आमच्या गड्याकडे परत येण्यापुरते एस. टी.चे भाडेही नव्हते.

यावरून कुणी असे समजू नये, की तक्रार करणाऱ्या स्त्रीवर अविश्वास दाखवावा. खरी तक्रार दाबली जाणे हाही तेवढाच मोठा अन्याय आहे, आणि एक खोटी तक्रार पुढच्या दहा खऱ्या तक्रारींची वाट अडवते. म्हणून प्रत्येक तक्रारीची चौकशी व्हावी, लवकर व्हावी, आणि तोवर आपण न्यायाधीश होऊ नये. संघातून नाव काढल्याची सूचना ज्या फलकावर लागते, त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, निर्दोष ठरल्याची सूचनाही लागावी. एवढे तर आपल्या महाविद्यालयाच्या हाती आहे.

कायदा बदलणे माझ्या हाती नाही, पण जीभ माझी आहे. यंदा सुट्टीत गावी गेलो की पारावर बसून मी सांगणार आहे, "तो सुटला नाही. तो निर्दोष होता." आणि संध्याकाळी त्याला मैदानावर बोलवायला त्याच्या घरी जाणार आहे.