प्रभूने दोनदा हात ठेवला

आजचे वचन: मार्क 8:22-26



हा प्रसंग फक्त मार्कच्या शुभवर्तमानात आहे. बेथसैदात लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात आणि याला स्पर्श करा, अशी विनंती करतात. म्हणजे बरं कसं करायचं हेसुद्धा त्यांनीच ठरवलेलं! प्रभू मात्र त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांत थुंकतो, हात ठेवतो आणि काही दिसतंय का, असं विचारतो.

त्या माणसाचं उत्तर मला फार आवडतं. माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. आपल्या प्रार्थनासभेत माईक हातात दिल्यावर असं कोणी बोलेल का? सगळे बघत असताना "हालेलुया, पूर्ण बरा झालो" असंच तोंडातून येतं. याने जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं. प्रभू त्याला रागावला नाही, तुझा विश्वास कमी पडला असंही म्हणाला नाही. त्याने पुन्हा डोळ्यांवर हात ठेवले. मग स्पष्ट दिसू लागलं.

आम्हा कोडिंगवाल्यांना एकाच इनपुटला एकच आउटपुट हवं असतं. इथे तसं नाही. बार्तीमयाला नुसता शब्द पुरला (मार्क 10). योहान 9 मधल्या माणसाला डोळ्यांवर चिखल घेऊन शिलोह तळ्यापर्यंत जावं लागलं. 1 करिंथ 12:9 मध्ये पौल बरं करण्याच्या कृपादानांबद्दल लिहितो, तिथे मूळ ग्रीकमध्ये 'दाने' हा शब्द अनेकवचनी आहे आणि 'बरे करणे' हासुद्धा!

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे युवकांमध्ये सारखा येणारा एक प्रश्न: थायरॉइडची किंवा डिप्रेशनची गोळी चालू ठेवणं म्हणजे अविश्वास का? कोणीतरी सांगितलेलं असतं, "विश्वास असेल तर गोळ्या सोड." कृपया अशा सांगण्यावरून सोडू नका. हिज्कीया राजाला देवाने आणखी 15 वर्षांचं आयुष्य देऊ केलं, तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच (2 राजे 20:1-7). वचनही देवाचं, लेपही त्याच्याच संदेष्ट्याने सांगितलेला. लूक स्वतः वैद्य होता. आणि आपल्या जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. तिथे देवाचा हात नव्हता असं कोण म्हणेल?

मग बरं न होणाऱ्यांचं काय? पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं (2 तीमथ्य 4:20). त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्दही वावगा नाही. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटाही तीनदा विनवूनही निघाला नाही, कृपा मात्र मिळाली (2 करिंथ 12). हे मला अजूनही जड जातं. पण पवित्र शास्त्र ते लपवत नाही.

आज कोणी तब्येत विचारली तर खरं सांगा. प्रार्थनेतही तेच सांगा.

प्रभू येशू, ज्यांना अजून सगळं धूसर दिसतंय, त्यांचा हात सोडू नकोस. आज ज्यांचे रिपोर्ट येणार आहेत, त्यांच्या शेजारी बस. आमेन.