परसातील तळे

पाण्याची श्रीमंती ज्या प्रदेशाच्या वाट्याला आलेली नाही, तेथील माणसे पाण्याकडे निराळ्याच नजरेने पाहतात. बीड जिल्हा हा असाच एक प्रदेश आहे. बालाघाटच्या डोंगररांगा या जिल्ह्यातून आडव्या गेल्या आहेत. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, बिंदुसरेला पोटात घेऊन सिंदफणा तिला जाऊन मिळते आणि दक्षिणेकडून मांजरा वाहते. नद्यांची नावे अशी भरपूर असली, तरी वर्षाचा पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरांच्या आतबाहेरच, आणि तोही नेमाने पडेल याची शाश्वती नाही. म्हणूनच येथील पूर्वजांनी पाणी जपण्यात आपली सारी बुद्धी खर्च केली. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी येते आणि बोगद्यातूनच ते बाहेर शेतांकडे जाते. मोट नाही की यंत्र नाही. शहरातील कंकालेश्वराचे दगडी मंदिर तर कुंडाच्या मधोमध उभे आहे.

अशा जिल्ह्यात कोणी आपल्या परसात मासे आणि कमळे यांच्यासाठी तळे करू लागला, तर शेजारी त्याला वेड्यात काढतील. त्यांचे तरी काय चुकले? केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर मोठे धरण आहे. २०१६ साली ते कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जेथे घागरभर पाण्यासाठी रांग लागते, तेथे मासे पोसायला पाणी कोठले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हौसेने न देता गणिताने दिले पाहिजे.

समजा, आपले तळे दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल आहे. त्यात ९०० लिटर पाणी मावेल. आता छपराकडे पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी जमते. वीस चौरस मीटरांच्या पत्र्यावर तीस मिलिमीटर पाऊस झाला, तर सहाशे लिटर पाणी पन्हाळीतून खाली येते. थोडे इकडेतिकडे सांडले, तरी दोन चांगल्या सरींत तळे भरते. म्हणजे तळे भरण्यासाठी नळाला किंवा विहिरीला हात लावण्याचे कारण नाही.

खरी अडचण पुढेच आहे. वैशाखात या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उघड्या पाण्याची पातळी दिवसाला दहा मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक उतरते. आपल्या तळ्याचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर. तेव्हा दहा मिलिमीटरांच्या हिशेबाने रोज पंधरा लिटर, म्हणजे एक बादली पाणी हवेत निघून जाणार. तेवढ्याच ९०० लिटर पाण्याचे तळे दुप्पट पसरट आणि निम्मे उथळ केले, तर रोज दोन बादल्या उडतील. पाणी तेवढेच, पण सूर्याला दिलेले दान दुप्पट! म्हणून दुष्काळी मुलखातले तळे थाळीसारखे नसावे, रांजणासारखे असावे. दुपारनंतर त्यावर भिंतीची सावली पडावी आणि निम्म्याहून अधिक पाणी पानांनी झाकलेले असावे. एवढे साधले, की बादलीची पाऊण बादली होते.

ही पाऊण बादली आणायची कोठून? आपल्याकडे रोज सकाळी पिण्याच्या पाण्याचे हंडे, कळशा विसळून पुन्हा भरण्याची रीत आहे. आदल्या दिवशीचे उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. झाकलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नसते; परंतु घरातील वडीलधाऱ्यांशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना ते पाणी ओतायचेच आहे, तर ते तळ्यात ओतावे. त्यात साबण नाही, खरकटे नाही. रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील नळाचे औषधही बरेचसे उडून गेलेले असते, त्यामुळे माशांना ते बाधत नाही. भांडी घासल्याचे किंवा तांदूळ धुतल्याचे पाणी मात्र तळ्यात नको; ते अळूच्या वाफ्याला द्यावे.

जागा घराच्या पूर्वेस असलेली उत्तम. तेथे सकाळचे पाचसहा तास ऊन मिळते, तेवढे कमळाला पुरते. आणि दुपारी घराचीच सावली पडते. मोठ्या झाडाच्या अगदी खाली खड्डा खणू नये. गळलेली पाने पाण्यात कुजतात आणि त्या कुजण्यात माशांचा प्राणवायू खर्च होतो.

खणताना मातीकडे लक्ष द्यावे लागते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर सरळ सिमेंटचे कुंड बांधले, तर मातीबरोबर तेही तडकते. म्हणून खड्डा जरा मोठा घेऊन तळाशी व बाजूंनी मुरूम दाबून भरावा आणि मग बांधकाम करावे. शेततळ्याला अंथरतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर काम स्वस्तात होते. कागद मातीबरोबर थोडा हलतो, त्यामुळे फाटण्याचे भय कमी; फक्त खाली वाळूचा थर हवा, म्हणजे खडे टोचत नाहीत. सिमेंटच्या नव्या कुंडातून चुना पाण्यात उतरतो व तो माशांच्या जिवावर बेततो. असे कुंड भरून आठवडाभर ठेवावे, ते पाणी बागेतील झाडांच्या आळ्यांपासून दूर ओतावे आणि हे दोनतीन वेळा करावे. एका बाजूला अर्ध्या खोलीवर पायरी ठेवली, तर काठावरच्या वनस्पतींना जागा मिळते आणि पाण्यात पडलेल्या खारीला किंवा सरड्याला वर येता येते. ज्या घरात रांगते मूल आहे, तेथे मात्र वर लोखंडी जाळी बसवल्यावाचून पाणी भरूच नये. साठ सेंटिमीटर पाणी आपल्या गुडघ्याच्या थोडे वर येते. लहान मुलाला ते फार होते.

आता वनस्पती. कमळ व कुमुद या दोघांनाही चिखल लागतो. म्हणून तर कमळाला ‘पंकज’ म्हणतात. पसरट कुंडीत काळी माती घालावी, खत घालू नये, वर वाळूचा थर द्यावा आणि कुंडी तळाशी ठेवावी. दीड मीटरांच्या तळ्यात दोन्ही सुखाने नांदत नाहीत. माझे मत विचाराल, तर कुमुद लावावे. त्याची पाने पाण्यावर सपाट पसरतात व ऊन अडवतात, तर कमळाची मोठी पाने देठांवर पाण्याच्या वर उचललेली असतात. शिवाय कुमुदाच्या काही जाती रात्री उमलतात. कवींनी त्यांना चंद्रविकासी म्हटले ते उगाच नव्हे. पाण्याच्या आत हायड्रिला नावाचे शेवाळासारखे दिसणारे गवत सोडावे. काठच्या पायरीवर ब्राह्मी आणि वेखंड लावावे, आणि काठाबाहेर अळू. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार तुम्ही वाचलेला असतो. तो येथे बसून पाहता येतो. पानावर थेंब पडतो, पाऱ्याच्या गोळीसारखा डोलतो आणि ओघळून जातो. पान कोरडेच्या कोरडे. पानाच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे मेणचट उंचवटे असतात, त्यांवर थेंब नुसता टेकलेला असतो. जलपर्णी मात्र, तिचे जांभळे फूल कितीही मोहक दिसले, तरी आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने आपल्या कित्येक नद्यांचे व तलावांचे पाणी झाकून टाकले आहे.

वनस्पती लावल्या, पाणी भरले, की मुलांना मासे सोडण्याची घाई होते. येथे तीनचार आठवडे थांबावे लागते. पहिल्या पंधरवड्यात पाणी हिरवेगार होते. पुष्कळ लोक घाबरून ते उपसून टाकतात व नवे भरतात. तेही हिरवे होते, आणि मग तळे म्हणजे कटकट अशी त्यांची समजूत होते. वास्तविक त्या हिरव्या पाण्यातच तळ्याची घडी बसत असते. माशांची विष्ठा व कुजणारी पाने यांतून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य निघते. पाण्यातील एका जातीचे सूक्ष्म जीव त्याचे रूपांतर करतात, दुसऱ्या जातीचे जीव त्याचे पुन्हा रूपांतर करतात आणि शेवटी जे उरते ते वनस्पतींचे खत होते. या जिवांची वस्ती वाढायला वेळ हवा असतो. ती वाढली व कुमुदाची पाने पसरली, की पाणी आपोआप निवळते. पुढे तळ्याची राखण आपण फारशी करत नाही. ही अदृश्य मंडळीच करतात.

मासे कोणते सोडावेत? येथे प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, तेथे घराघरांत पिंपे भरून ठेवलेली असतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि आठदहा दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार होतो. त्याची अंडी कोरड्या पिंपाच्या भिंतीला चिकटून कित्येक महिने जिवंत राहू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासायचे असते. माणसाला डासाचे हे सामर्थ्य फार उशिरा उमगले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. त्या वेळी सिकंदराबाद ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानात बीड जिल्हाही होता. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा मासे नसलेले तळे परसात ठेवणे म्हणजे डासांना पाळणाघर काढून देणे होय. डासाची अळी श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी येते. पृष्ठभागाशी वावरणारे बोटभर लांबीचे मासे तिला नेमके तेथे गाठतात. गप्पी मासे या कामात प्रसिद्ध आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करता येते. (गप्पी हे नाव गप्पांवरून आलेले नाही. गप्पी नावाच्या एका अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनला पाठवले, त्यावरून ते पडले.) गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, आणि साधारण महिन्याला देते. म्हणून पाचसहा जोड्या पुरेत. परंतु हा मासा परदेशी आहे. तो ओढ्यात वा नदीत सोडला, तर तेथील मूळच्या माशांच्या तोंडचा घास पळवतो. आपल्या ओढ्यात अंगावर काळा पट्टा असलेला, रुपेरी दांडवण आढळतो. तो किडे व अळ्या खातो आणि या मातीचाच आहे. तो मिळाला, तर गप्पीची गरज नाही.

मासे आणलेले भांडे अर्धा तास तळ्यातच ठेवावे, त्यात थोडे थोडे तळ्याचे पाणी घालावे आणि मग मासे हलकेच सोडावेत. त्यांना कणीक, भात, बिस्किटे टाकू नयेत. पोट भरलेला मासा अळीच्या मागे धावत नाही, आणि न खाल्लेला घास पाणी नासवतो. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले, तर ते भुकेलेले आहेत असे समजू नका. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातून रात्री वनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे त्याची सर्वांत टंचाई असते. अशा वेळी शिळे पाणी जरा उंचावरून ओतावे. पडताना ते हवा घेऊन जाते.

पहिल्याच वर्षात न बोलावलेले पाहुणे येतात. चतुर येतो, त्याची पाण्यातील पिल्लेही डासांच्या अळ्या खातात. बेडूक येतो. खंड्या भिंतीवर बसून एखादा मासा उचलतो. तेवढे त्याला देणे भाग आहे. बेडकांमागे क्वचित दिवड येते. हा साप बिनविषारी असला, तरी सापाची ओळख पटवण्याचे काम मोठ्यांचे आहे. मुलांनी दूर व्हावे आणि मोठ्यांनी काठी शोधू नये.

एखादे वर्ष मात्र असे उजाडते, की घरात शिळे होण्याइतके पाणीच उरत नाही. त्या वर्षी तळे आटू द्यावे. माणसे आणि गुरे तहानेली असताना कुंड भरत बसणे शोभत नाही. पाणी वीतभर उरले, की मासे जाळीने काढून सावलीतल्या रांजणात ठेवावेत, वर फडके बांधावे आणि हायड्रिलाची एक जुडी आत सोडावी. कुमुदाची कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवली, तर तिचे कंद तग धरतात. तळाचा काळा गाळ निम्मा काढून मेथीच्या वाफ्यात घालावा आणि निम्मा तसाच ओलसर राखावा, कारण त्यातच पाणी निवळवणारे जीव असतात. मृगाच्या पहिल्या सरीचे पाणी तळ्यात घेऊ नये. पत्र्यावरची वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण तिच्यातून वाहून जाऊ द्यावी. दुसरी सर आली, की पन्हाळीचे तोंड तळ्याकडे वळवावे. पाणी भरल्यावर चारपाच दिवसांनी रांजण तळ्याच्या काठाशी न्यावा.