अंध विद्यार्थ्यांसाठी सुटीतील वर्ग

वर्गातील अंध मुलगा बहुधा पाठांतरासाठी नावाजला जातो. कविता तो बिनचूक म्हणतो. गणिताच्या तासाला मात्र "तू नुसता ऐक," असे त्यास सांगितले जाते. दयेपोटी दिलेली ही सूटच त्याचे अंकगणित बुडविते. दिवाळीच्या सुटीत 15 दिवसांचा वर्ग घ्यावयाचा, तो ही उणीव भरून काढण्यासाठी. स्नेहसंमेलनाची गाणी बसविण्यासाठी नव्हे.

विंचूरसारख्या कांद्याच्या गावी साधने दारातच असतात. गोल्टी व मोठा कांदा हाताने निवडणे, पाच-पाचांचे ढीग घालणे, तराजूची पारडी चाचपून जड-हलके ठरविणे, यांत तुलना, मोजणी व गुणाकार आपोआप येतात. भूमितीच्या आकृतींसाठी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवावी.

लिपीचे काम याहून नाजूक आहे. 1951 साली भारतीय भाषांकरिता भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. सहा ठिपक्यांच्या या लिपीत पहिला ठिपका म्हणजे 'अ'. पहिला व तिसरा मिळून 'क'. टोचणीने टोचलेले ठिपके कागदाच्या पाठीवर उठतात, म्हणून लिहावयाचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचावयाचे डावीकडून उजवीकडे. नवख्या शिक्षकाची गफलत येथेच होते. त्याने आधी स्वतः डोळे बांधून दहा अक्षरे टोचून पाहावीत. 15 दिवसांत संपूर्ण लिपी येणार नाही. मुलास स्वतःचे नाव व अंक लिहिता आले तरी पुष्कळ झाले.

सुटीनंतर हा मुलगा गणिताच्या तासाला बसेल, तेव्हा फळ्यावर मांडलेला प्रत्येक अंक शिक्षकाने मोठ्याने उच्चारावा.