रिझर्व्ह बँकेला पुराची काळजी कशाला? आणि तुमच्या कर्जाशी त्याचा काय संबंध?



‘हवामान बदल आणि रिझर्व्ह बँक’ असं शीर्षक दिसलं की आपल्यातले निम्मे लोक पुढे सरकतात. आपल्याला दुकान टाकायचंय, मुद्रा लोन काढायचंय, त्यात हे हवामान कुठून आलं? व्हिडिओत मी हा मुद्दा दोन मिनिटांत उरकला होता. इथे जरा निवांत सांगतो, कारण यात तुमचे पैसे अडकलेले आहेत.

चिपळूणचे एक घाऊक किराणा व्यापारी माझ्या वर्गात होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात त्यांचं गोदाम गेलं. आकडे सोपे करून सांगतो. गोदामात माल २० लाखांचा. बँकेचं सीसी लिमिट १० लाखांचं, म्हणून विमाही १० लाखांचाच. नुकसान झालं १२ लाखांचं. त्यांना वाटलं, विम्याचे १० लाख तरी येतील. आले ६ लाख! कारण विम्याचा नियम असा, की २० लाखांच्या मालाचा तुम्ही निम्माच विमा काढला असेल, तर नुकसानीचेही निम्मेच पैसे. बरं, ते ६ लाखही हातात आले नाहीत. माल बँकेकडे तारण होता, त्यामुळे रक्कम थेट कर्जखात्यात जमा झाली. म्हणजे दुकानात चिखल, हात रिकामे आणि वर ४ लाखांचं कर्ज शिल्लक.

आता हाच प्रसंग बँकेच्या खुर्चीत बसून बघा. बँकेचा धंदा एका हिशेबावर चालतो: शंभर कर्जदारांत चार-पाच बुडतील, बाकीचे फेडतील. एकाचा धंदा बसला म्हणून शेजारच्याचा बसत नाही. पण पूर आला की अख्खी बाजारपेठ एकाच दिवशी पाण्यात. किराणावाला, कापडवाला, मेडिकलवाला, सगळ्यांचे हप्ते एकाच महिन्यात थकतात. त्या शाखेचा हिशेबच कोलमडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेनं हेच दाखवलं. बँकेनं कर्जाला दिलेला पैसा असतो ठेवीदारांचा, आणि तो सुरक्षित ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम. तिला पुराची काळजी असते ती यासाठी. झाडं लावणं हे तिचं काम नाही.

हा विचार जगात गाजला तो २०१५ मध्ये. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी (पुढे ते कॅनडाचे पंतप्रधान झाले) लंडनमध्ये विमा क्षेत्रातल्या लोकांसमोर बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. हवामानाचा खरा फटका पुढच्या पिढीला बसणार, पण बँका आणि सरकारं निर्णय घेतात ते पुढच्या काही वर्षांचाच विचार करून. मग ज्याला आज रोखायला हवं, त्याची जबाबदारी आज कुणाचीच नसते. २०१७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये आठ मध्यवर्ती बँका आणि नियामक संस्थांनी या कामासाठी एक गट उभा केला. आपली रिझर्व्ह बँक त्यात एप्रिल २०२१ मध्ये सामील झाली, चिपळूणच्या पुराच्या तीन महिने आधी.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये तिनं चर्चापत्र काढलं, २०२३ मध्ये हरित ठेवींचे नियम आणले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक मसुदा जाहीर केला. त्या मसुद्यात बँकांनी सांगायचंय, की हवामानामुळे आमच्या कर्जांना किती धोका आहे आणि आम्ही त्याचं काय करतोय. यात व्यापारी बँका आहेत, मोठ्या वित्त कंपन्या आहेत आणि १०,००० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकाही आहेत. दुसरा धोका आहे बदलत्या धंद्याचा, म्हणजे इंजिनाचे सुटे भाग बनवणारं वर्कशॉप आणि समोरून येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

मला यातली एक गोष्ट खटकते, ती सांगतोच. बँकेला धोका मोजायला लावला की बँक सोपा मार्ग शोधते. नदीकाठची बाजारपेठ दिसली की नकार देऊन मोकळी, नाहीतर तारण जास्त मागणार. म्हणजे ज्याला पुराचा फटका बसतो, त्यालाच कर्जही मिळणार नाही. नियामकांनी हे बघायला हवं. पण ते बघतील तेव्हा बघतील. बँक मॅनेजरनं ‘इथे पाणी भरतं का?’ विचारलं की तुम्ही गप्प राहू नका आणि खोटंही बोलू नका. ‘भरतं, म्हणून माल माळ्यावर ठेवतो, आणि ही पॉलिसी’ असं सांगून कागद टेबलावर ठेवा. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये याचा एक परिच्छेद असलाच पाहिजे.

पॉलिसीबद्दल थोडं. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आणली आहे. इमारत, यंत्रं, माल मिळून ५ कोटींपर्यंत किंमत असेल तर ही चालते, आणि आगीबरोबर पूरही यात येतो. बँकेनं परस्पर काढलेला विमा असेल तर त्याची प्रत मागून घ्या. रक्कम कर्जाइतकी आहे की मालाइतकी? पूर धरलाय का? आणि पत्ता! गोदाम बदललं, पॉलिसीवर जुनाच पत्ता राहिला, असं मी स्वतः पाहिलंय.

आणि आपत्ती आलीच, तर रिझर्व्ह बँकेचे आणखी एक नियम तुमच्या कामाचे आहेत. सरकारनं नैसर्गिक आपत्ती जाहीर केली की बाधित भागातल्या कर्जांची पुनर्रचना करण्याची, हप्त्यांना काही काळ सवलत देण्याची मुभा बँकांना असते. ही कर्जमाफी नाही, व्याज चालूच राहतं. पण हप्ते थकून खातं एनपीए होण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बँकेचा फोन येईल म्हणून थांबू नका, स्वतः जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या.

चिपळूणच्या त्या व्यापाऱ्यांचं स्टॉक रजिस्टर त्याच गोदामात भिजलं होतं. सर्व्हेअरला माल किती होता हे दाखवताना त्यांना जीएसटीची जुनी बिलं गोळा करत फिरावं लागलं. आता ते दर शनिवारी रजिस्टरच्या पानांचे आणि रॅकचे फोटो काढतात आणि पुण्यातल्या मुलीला पाठवून ठेवतात.